१९४६च्या नौसैनिकांची नावे गावोगाव नोंदवावीत

मा. संपादक,
स. न.

कोकणच्या आरमाराचा विषय निघाला की आपण कान्होजी आंग्र्यांपासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन केंद्रात निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ असह्य होऊन ज्या नौसैनिकांनी अन्न नाकारले, आणि ज्यांच्यामागोमाग काही दिवसांतच ७८ जहाजांवरचे व किनाऱ्यावरील तळांवरचे मिळून सुमारे २०,००० जण संपात उतरले, त्यांच्यात आपल्या किनाऱ्यावरच्या घरांतली मुलेही होती, हे मात्र इथल्या शाळकरी मुलांना कुणी सांगत नाही.

माझे आजोबा त्यांपैकी एक. दापोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक आहे. तीत नौदलातून कमी केल्याचा, घडीवर विरलेला कागद आहे. पहिला घास घेण्याआधी आमटीत बोट फिरवून खडा आहे का ते पाहायची सवय त्यांना नौदलात लागली. आजी दुखावली जाई, पण ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

या उठावाचे नेते एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्यापैकी एकही अधिकारी नव्हता. तरीही त्यांच्या समितीने जेवण आणि पगार यांच्या जोडीला आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलावणे याही मागण्या ठेवल्या, याला मी खरे सेनापतीपण मानतो. २१ तारखेला मुंबईतल्या कॅसल बॅरॅक्स या नौदलाच्या तळावर नौसैनिकांनी गोळीला गोळीने उत्तर दिले. त्याच तळाला पुढे ‘आंग्रे’ हे नाव मिळाले. दुसऱ्या दिवशी गिरणगाव रस्त्यावर उतरले, आणि तिथले गिरणी कामगार तरी कोण होते, बहुतेक आपलेच चाकरमानी! परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळीबारात बळी पडल्या. २३ तारखेला सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून, कुणावर सूड घेतला जाणार नाही या भरवशावर, संप मागे घेण्यात आला. तरीही शेकडो जणांना नोकरीतून काढण्यात आले.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातल्या अशा नौसैनिकांची नावे विचारून, कागदपत्रे पाहून नोंदवावीत, अशी माझी विनंती आहे. आमच्याकडच्या कागदाची प्रत मी पंचायतीत दिली आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते येत्या पावसाळ्याआधी बाहेर काढावेत. आपल्या दमट हवेत शाई फार वर्षे टिकत नाही.

आपला,
एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)