इराणबरोबरची मॅच मी पाहिली होती

कोल्हापूर,
९ जुलै २०२५

चि. सोनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "हो", "नाही", "जेवले" यापुढे तू काही बोलली नाहीस. म्हणून लिहायला बसले.

मागच्या आठवड्यात डेंग्यूतून उठल्यावर दवाखान्यातून तुला होस्टेलवर सोडलं आणि एसटीत बसले, तेव्हा कराड येईपर्यंत तुझं एकच वाक्य डोक्यात घोळत होतं. "आई, फुटबॉल टीमच्या यादीत नाव लागलं होतं. पण मी खेळलेच नाही, म्हणजे मी त्या टीममध्ये नव्हतेच ना?" तू ते म्हणालीस तेव्हा मी तुझ्या कपाळावरची पट्टी बदलत होते, काही बोलले नाही. खरं तर काय बोलावं तेच सुचलं नाही.

असंच काहीतरी तू साडेतीन वर्षांपूर्वीही विचारलं होतंस. सातवीत होतीस, शाळा मोबाइलवर चालायची. महिलांच्या फुटबॉलचा आशियाई करंडक आपल्याकडे होता. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर, अंधेरीत आणि पुण्यात बालेवाडीला. तुला बालेवाडीला जायचं होतं, पण कोरोनामुळे प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. मग आपल्या हॉलमधला टीव्ही हेच तुझं स्टेडियम. २० जानेवारीला भारत-इराण झाली. आपल्या मुली सारख्या चढून जात होत्या आणि इराणची ती गोलकीपर, जोहरे कुदाई, काही आत जाऊ देत नव्हती. शून्य-शून्य. इराण पहिल्यांदाच या स्पर्धेत आला होता, त्यांनी बरोबरीचाही आनंद केला असेल. तू मात्र उशीत तोंड खुपसून बसलीस.

तेवीस तारखेला रविवार होता. चायनीज तैपेईबरोबर, म्हणजे तैवानच्या संघाबरोबर मॅच. दुपारपासूनच निळी जर्सी घालून तू टीव्हीसमोर. आणि बातमी आली की मॅच होणार नाही. निम्म्याहून जास्त मुलींचे रिपोर्ट पॉझिटिव्ह, नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूसुद्धा उभ्या राहत नव्हत्या. संघ स्पर्धेतून बाहेर. वर्ल्ड कपला जायची वाट याच स्पर्धेतून होती, तीही बंद. एवढ्यावर थांबलं नाही. इराणबरोबरची जी मॅच झाली होती तीही रद्द धरली. गुणतक्त्यातून पुसूनच टाकली. इराणच्या पोरींनी मिळवलेला तो एक गुणही त्यांच्या हातून गेला.

तू विचारलंस, "आई, झालेली मॅच झाली नाही असं कसं म्हणता येईल?"

आणि मी म्हणाले, "बरं झालं, आता सोमवारचा गणिताचा पेपर आहे, बस अभ्यासाला."

सोनू, त्या उत्तराची मला लाज वाटते. तू जर्सी काढून घडी घालून कपाटात ठेवलीस, हे मी स्वयंपाकघरातून पाहत होते. नुसती पाहत होते.

माझं का चुकलं, हे मलाही उशिरा कळलं. मी मंगळवार पेठेत वाढले. पीटीएम, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस ही फुटबॉल संघांची नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतले सगळे पुरुष आणि पोरं तिकडे. तुझे मामा चौथीपासून जायचे. संध्याकाळी ते आले की जेवताना कोण कसा खेळला, कोणी पेनल्टी घालवली, हे आम्ही भाकऱ्या वाढता वाढता ऐकायचो. "मला ने" असं म्हणायचंही कधी सुचलं नाही. अडवलं कुणी नव्हतं गं. तिथे आपल्याला जागा असते, हेच ठाऊक नव्हतं. तू खेळायला लागलीस तेव्हा मी वाचायला लागले आणि कळलं की माझा जन्म झाला त्याच वर्षी, १९८० मध्ये, बायकांची आशियाई स्पर्धा आपल्याच देशात कोझिकोडला झाली होती आणि आपल्या बायका फायनलला पोहोचल्या होत्या. १९८३ मध्ये पुन्हा फायनलला. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गावात मी वाढले आणि हे मला कुणी सांगितलं नाही. बहुतेक तिथे कुणाला माहीतच नव्हतं. त्या खेळल्या नव्हत्या का मग?

२०२२ ची ती स्पर्धा तू पुढेही पाहिलीस, रुसून का होईना. बालेवाडीला फिलिपिन्स आणि चायनीज तैपेईची मॅच पेनल्टीवर गेली, तेव्हा मला हाक मारून बोलावलंस. फिलिपिन्सच्या गोलकीपरने, ओलिव्हिया मॅकडॅनियलने, पेनल्टी अडवल्या आणि स्वतः येऊन एक मारलीसुद्धा. फिलिपिन्सला वर्ल्ड कपचं पहिलं तिकीट पुण्यात मिळालं. पुढच्या वर्षी त्या वर्ल्ड कपमध्ये त्याच मुलींनी यजमान न्यूझीलंडला त्यांच्या घरी हरवलं तेव्हा तू वाडाभर सांगत सुटली होतीस, "ह्या आपल्या बालेवाडीच्या!"

आणि फायनलचा दिवस, ६ फेब्रुवारी. सकाळीच लतादीदी गेल्याची बातमी आली. कोल्हापूरला तर त्या घरच्याच. सगळी आळी गप्प होती. आजी टीव्हीसमोरून हलत नव्हती, शिवाजी पार्ककडे लोक निघाले होते. तू माझा मोबाइल घेऊन जिन्यात बसलीस. दक्षिण कोरिया दोन-शून्य पुढे होती. नंतर चीनने दोन्ही फेडले आणि अगदी शेवटच्या क्षणी तिसरा घातला. तू मोठ्याने ओरडली नाहीस. आत येऊन आजीच्या मांडीवर डोकं ठेवलंस आणि हळूच मला बोटांनी तीन-दोन दाखवलंस. तुझ्यातलं ते शहाणपण मी त्या दिवशी पाहिलं.

आता परवाचं सांगते. ५ जुलै, शनिवार. दुसऱ्या दिवशी आषाढी, मी साबुदाणा भिजत घालत होते आणि मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता. थायलंडमधल्या चियांग माईला आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीची भारत-थायलंड मॅच. तुला ठाऊकच आहे, पण मला लिहायचंय. मंगोलियाला तेरा, तिमोर-लेस्तेला चार, इराकला पाच घालून आपण तिथवर आलो होतो आणि थायलंडचाही गोलफरक बरोब्बर आपल्याइतकाच. थायलंड दोन वर्ल्ड कप खेळलेला संघ. संगीता बासफोरने लांबून पहिला घातला तेव्हा माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मध्यंतरानंतर लगेच त्यांनी फेडला. मग चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला पुन्हा संगीताच, डोक्याने! यजमान म्हणून नाही, पात्रता फेरी खेळून आपण पहिल्यांदाच आशियाई करंडकात पोहोचलो. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात.

मी एकटी स्वयंपाकघरात रडत होते. तुझे बाबा धावत आले, त्यांना वाटलं तुझा फोन आला.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. साडेतीन वर्षं उशिरा, पण देते. इराणबरोबरची ती मॅच झाली होती. मी पाहिली होती, तू पाहिली होतीस. त्या पोरी नव्वद मिनिटं धावल्या होत्या. तक्त्यात नसेना का. तसंच तुझं. पहाटे साडेपाचला तू मैदानावर असायचीस, त्या निवडीच्या दिवशी पावसात अर्धा तास नुसत्या क्रॉस मारत होतीस, ते मी कुंपणाबाहेर छत्री धरून बघितलंय. यादी लागली, त्यात तुझं नाव होतं. डासाच्या एका चाव्याने ते खोटं होत नाही. कुणी विचारलं तर सांग, "मी त्या टीममध्ये होते, मला डेंग्यू झाला." मान वर करून सांग.

राग येऊ दे. मी तेव्हा तुला रडू दिलं नव्हतं, आता रडावंसं वाटलं तर फोन कर, मी अभ्यासाचं नाव काढणार नाही.

डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस पळायचं नाही. सरांशी माझं बोलणं झालंय, घाई करू नका म्हणाले. शुक्रवारी रक्त पुन्हा तपासायचं आहे, प्लेटलेट्सचा आकडा लगेच कळव. रविवारी बाबा येतायत, त्यांच्याबरोबर डिंकाचे लाडू आणि तुझी ती जुनी निळी जर्सी देते आहे. कपाटात घडी होती तशीच. आता अंगाला होणार नाही, तरी ठेव तुझ्याजवळ.

तुझी,
आई