अंतराचा नियम वगळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, फासे टाकत गोष्ट पुढे नेणाऱ्या खेळांवर लेख आला होता. या खेळांवर मराठीत कुणी इतकं आपुलकीनं लिहिलं याचा फार आनंद झाला. एका सल्ल्यापाशी मात्र मी अडलो. धनुष्यासारख्या लांबून मारायच्या शस्त्रांना फाशाच्या आकड्यातून अंतराप्रमाणे जे गुण वजा होतात, तो हिशेब नवख्यांनी सरळ सोडून द्यावा, असं लेखात म्हटलं आहे. मी साताऱ्यात २२ वर्षं तिरंदाजी शिकवतो. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की गेली ६ वर्षं आम्ही सगळे हाच खेळ खेळतो आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, बहुतेक वेळा मीच असतो. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

पहिल्या वर्षी मीही तो हिशेब सोडला होता. मुलं एका टेकडीवर चढली आणि तिथून उतरायलाच तयार होईनात. खाली नदीपलीकडचा पहारेकरी असो की पायथ्याशी आलेला लांडगा, फासा एकच, आकडा तोच. कुणी दबकत पुढे सरकलं नाही, झाडाआड लपलं नाही, ‘जरा जवळ येऊ दे त्याला’ असं म्हणालं नाही. तीन तास नुसते बाण सुटत राहिले. तिसऱ्या रविवारी दोघं आलीच नाहीत.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा जन्मच अंतर मोजण्यातून झाला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ मध्ये तो काढला, त्याआधी ही मंडळी टेबलावर छोटे सैनिक मांडून पट्टीनं इंच मोजत लढाया खेळायची. त्यामुळे पुढच्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीतही पल्ला इंचांतच दिलेला होता. उघड्यावर एक इंच म्हणजे १० यार्ड, भुयारात १० फूट. ऐकायला विचित्र वाटतं, पण मला ते पटतं. लांबच्या बाणाला वर चढून खाली यावं लागतं, बुटक्या छताखाली त्याला ती कमान मिळत नाही. त्या आवृत्तीत मध्यम पल्ल्याला वजा २ आणि लांबच्या पल्ल्याला वजा ५ असा साधा हिशेब होता.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं टप्पे आणले. लाँगबोचा, म्हणजे लांब धनुष्याचा, एक टप्पा १०० फुटांचा, दर पूर्ण टप्प्याला वजा २, असे दहा टप्पे. म्हणजे १० फुटांवरचा माणूस आणि ९० फुटांवरचा माणूस सारखाच सोपा. अंतर नऊपट झालं तरी एक गुण कमी नाही! आणि ३०० वरून ४०० वर गेलं, अंतर दीडपटही झालं नाही, तरी दोन गुण गेले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हेही नाही. लाँगबोला १५० फुटांपर्यंत काहीच नाही, पुढे थेट ६०० फुटांपर्यंत ‘डिसॲडव्हान्टेज’, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि लहान आकडा धरायचा. नेम लागायला ११ किंवा जास्त लागत असतील तर शंभरातल्या पन्नास संधी पंचवीसवर येतात, १६ लागत असतील तर पंचविसाच्या जेमतेम सहा. नियम झटपट आहे, खोलीतल्या चकमकीला पुरतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण १५५ फूट आणि ६०० फूट एकाच मापानं मोजणं माझ्या गळी उतरत नाही.

आता मैदानावर काय दिसतं ते सांगतो. ऑलिम्पिकला ७० मीटरवर १२२ सेंटिमीटरचा फेस, म्हणजे टार्गेटचा गोल कागद, लावतात. कंपाउंडला, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्याला, ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचा, इनडोअरला १८ मीटरवर ४० सेंटिमीटरचा. रेषेवरून पाहिलं तर पहिले दोन डोळ्याला जवळजवळ सारखेच दिसतात, तिसरा थोडा मोठा. अंतर दुप्पट झालं की टार्गेट रुंदीला निम्मं दिसतं, क्षेत्रफळानं पाव. म्हणजे किती मीटर वाढले यापेक्षा अंतर किती पट झालं याला महत्त्व. १० वरून २० ला जाताना नेम जेवढा अवघड होतो, तेवढाच ३५ वरून ७० ला जाताना.

हे नेमकं ओळखलं ते १९८६ सालच्या ‘गर्प्स’ या खेळानं. त्याच्या तक्त्यात १० यार्डांना वजा ४, २० ला वजा ६, ५० ला वजा ८, १०० ला वजा १०. अंतर दुप्पट, की साधारण दोन गुण वजा. तक्ता दर वेळी उघडावा लागतो ही त्याची अडचण खरी, पण विचार तिरंदाजाचा आहे.

कुणी म्हणेल, आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला ५० मीटरवरून १५ बाणांत १४९ गुण घेऊन जगज्जेती झाली, त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं १५० पैकी १५० मारले. ५० मीटर म्हणजे १६४ फूट, मग तिथं कसला दंड? पण त्यांच्या हातात कंपाउंड होतं, साइटला, म्हणजे नेम धरायच्या साधनाला, भिंग होतं, आणि मुख्य म्हणजे अंतर सेंटिमीटरपर्यंत माहीत होतं. लढाईत अंतर कुणी सांगत नाही.

ते न सांगितल्यानं काय होतं, हे मी मुलांना मैदानावर दाखवतो. रिकर्व्हचा, म्हणजे ऑलिम्पिकमधल्या बिनकप्प्यांच्या धनुष्याचा, बाण सेकंदाला साधारण ६० मीटर जातो. ७० मीटर कापेपर्यंत तो सुटल्या रेषेपासून साडेसहा मीटरच्या वर खाली येतो, म्हणून नेम तेवढा वर धरावा लागतो. अंदाज ५ मीटरनं कमी पडला तर बाण जवळजवळ अर्धा मीटर खाली लागतो, म्हणजे पार फेसच्या कडेला. मागच्या जूनमध्ये कुंपणाशी एक निळा ड्रम ठेवला आणि नववीतल्या एका मुलीला अंतर विचारलं. रोज ७० ची रेषा बघणारी मुलगी, ‘चाळीस’ म्हणाली. टेप धरली तर ५८ भरले. मधे घसरण होती, तिथली जमीन डोळ्यानं गिळली होती. तिनं टेप गुंडाळून माझ्या हातात दिली आणि स्वतःच म्हणाली, ‘सर, आज खेळताना अंतर सांगू नका.’

तेव्हापासून आमचा नियम असा: १० मीटरपर्यंत काही नाही, २० ला वजा २, ४० ला ४, ८० ला ६, १६० ला ८. डीएम अंतर सांगत नाही, नुसतं वर्णन करतो. खेळाडूनं अंदाज सांगायचा, फार चुकला तर आणखी २ वजा. आपली एक पाळी थांबून नेम धरला तर २ परत. पाठ व्हायला पाच मिनिटं लागतात, तक्ता उघडावा लागत नाही. आता मुलं टेकडीवरून उतरतात.

पुढच्या लेखात हा हिशेब नवख्यांना समजेल असा द्यावा, ही लेखकांना कळकळीची विनंती. दिवाळीनंतर आमचं मैदान कोरडं असतं. त्यांनी जरूर यावं आणि ७० मीटरच्या रेषेवर उभं राहून एकदा फेसकडे पाहावं. धनुष्य मी देईन.

आपला नम्र,
एक तिरंदाजी मार्गदर्शक, सातारा