उसाच्या खेपा आणि ड्रायव्हरची झोप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उसाचा सीझन सुरू झाला की आमच्या माजलगाव-परळी पट्ट्यात ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या रात्रंदिवस पळतात, दिवसभर भरणी, रात्री साखर कारखान्याच्या यार्डात नंबरसाठी लाईन, खाली झाली की लगेच पुढची खेप, मग ड्रायव्हर झोपणार कधी? परवा पहाटे चहाच्या टपरीवर एक पोरगं पाहिलं, वीस-बावीसचं असंल, डोळे लालभडक, तंबाखू मळता मळताच मान खाली पडली अन् तंबाखू सांडली, तरी उठून परत ट्रॅक्टरवर बसलं. माझा तर जीवच उडाला.

सलग १७ तास जागलेल्या माणसाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते असं संशोधन सांगतं, आपल्याकडं कायद्याची मर्यादाच ०.०३ आहे! म्हणजे दारू न पिता पिल्यासारखंच. डोळा नुसता ३ सेकंद लागला तर ताशी ६०च्या स्पीडला गाडी ५० मीटर जाते, अन् समोर बिनलाईटची ट्रॉली उभी असली तर? चहा-तंबाखूनं तरतरी वाटते पण झोपेची बाकी फिटत नाही. अमेरिकेत १९६४ ला १७ वर्षांच्या रँडी गार्डनरनं २६४ तास जागून रेकॉर्ड केला, त्याला भास व्हायला लागले होते, गिनीजनं पुढं धोका बघून असले रेकॉर्ड घेणंच बंद केलं. आपली पोरं मात्र रोज जागतेत, पोटासाठी.

कारखान्यांनी यार्डात पंखा-पाण्यासहित झोपायला शेड द्यावं, झोपलेल्याचा नंबर जाणार नाही अशी टोकन सिस्टीम करावी, आणि आरटीओनं या सीझनलाच हे तपासावं.

– एक वाचक, जि. बीड