अव्वाला पत्ता मिळवून देणाऱ्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

अव्वाच्या खात्यात निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे पहिले दीड हजार जमा झाले. तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणून रजिस्टरमध्ये डोकं घालता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. रागावू नका. तुमचं नाव किंवा तुमच्या बेघरांच्या निवारा केंद्राचा ठावठिकाणा कुठेही दिलेला नाही.

सोलापूरच्या आमच्या नवी पेठेतल्या दुकानांच्या ओळीत अव्वा रात्री पायरीवर झोपायची. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. नवरा यंत्रमागावर होता, तो गेल्यावर खोलीचं भाडं थकलं आणि खोली सुटली. सोलापुरात विडी कामगारांसाठी काहीच झालं नाही असं नाही. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरं उभी राहिली. मग रे नगरची ३० हजार घरांची योजना आली, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. पण ज्या बाईकडे कागद नाही आणि आपल्या वाट्याचे पैसे भरायची ऐपत नाही, तिला त्या यादीत कोण घेणार? आमच्या ओळीत काहींनी तर संध्याकाळी पायऱ्यांवर बादलीभर पाणी ओतून ठेवायला सुरुवात केली होती, कुणी झोपू नये म्हणून.

चादरी वाटणारे मी खूप पाहिलेत. सोलापुरात चादरींना काय तोटा! जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत थंडी पडली की गठ्ठेच्या गठ्ठे येतात, फोटोही निघतात. मेमध्ये पारा ४० च्या वर चढतो तेव्हा मात्र तिकडे कुणी फिरकत नाही. तुम्ही अव्वाला निवाऱ्यात आणलंत ते अशाच रणरणत्या दुपारी. आधी तिच्याशेजारी पायरीवर बसलात, तेलुगूत काहीतरी बोललात आणि ती हसली. तिला हसताना आम्ही प्रथमच पाहिलं.

खरी लढाई त्यानंतरची. तिचं आधार कार्ड कधी निघालंच नव्हतं. निवारा केंद्राच्या प्रमुखाचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. ते घेऊन आपण गेलो, तर मशीन तिचे ठसे घेईना. तंबाखू आणि तेंदूच्या पानांनी बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. ऑपरेटरनं बोटं पुसून पाहिली, दाबून पाहिली आणि "पुन्हा कधीतरी या" म्हणाला. तुमचा आवाज जराही चढला नाही. "बुबुळांचं घ्या. जेवढं मिळेल तेवढं घेऊन नोंदणी करता येते, नाही म्हणता येत नाही," एवढंच बोललात. एका डोळ्यात मोतीबिंदू. तुम्ही तिची हनुवटी दोन बोटांनी वर धरून तेलुगूत "हलू नको" की काय ते सांगत राहिलात, आणि मागची रांग कुरकुरत होती. मग बँक खातं, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, तहसीलचे हेलपाटे. कागदांची ती प्लास्टिकची पिशवी तुम्ही कुणाच्याही हाती दिली नाहीत, माझ्यासुद्धा.

हे सगळं तुमचं स्वतःचं मानधन अडकलेलं असताना चाललं होतं, हे मला फार उशिरा समजलं, तेही दुसऱ्याकडून. शहरी बेघरांचे निवारे ज्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून चालत, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. पुढचे पैसे कुठून येणार, हे तुम्ही फोनवर एकेकाला विचारत होता आणि दुसऱ्या हातानं चहा गाळत होता. लाखभर वस्तीमागे एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच बजावलंय. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं. हिशेब ज्याचा त्यानं करावा.

दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीचीही तीच गत. शहरात थाळीमागे सरकारनं चाळीस रुपये द्यायचे, पण बिलं तुंबली की केंद्रवाला तरी किती दिवस खिशातून घालणार? आपल्या जवळचं केंद्र बंद पडलं तेव्हा तुम्ही बारा-पंधरा माणसांच्या जेवणासाठी हॉटेलवाल्यांकडे, मंगल कार्यालयांकडे शब्द टाकलात. उरलंसुरलं नको, वेळेवर आणि गरम हवं, हेही ठणकावलंत. मला ते फार आवडलं.

एक तक्रारही करतो. तुम्ही एकट्यानं इतकं ओढता की वर बसलेल्यांना वाटतं, चाललंय की सगळं नीट. तेव्हा थकलेल्या मानधनाचा अर्ज लिहा. त्याखाली आमच्या ओळीतले दुकानदार सह्या करतील, मी सगळ्यांशी बोललोय. पायरीवर पाणी ओतणारेसुद्धा तयार आहेत, फक्त त्यांना कारण विचारू नका.

अव्वाच्या मोतीबिंदूसाठी सिव्हिलची तारीख मिळाली आहे. त्या दिवशी दुकान धाकटा भाऊ बघेल, मी तिच्याबरोबर जातो. तेलुगू मला येत नाही, पण तिला माझं मराठी कळतं आणि नाही कळलं तर ती शिव्या देते, तेवढ्यावर भागेल. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याचंही यापुढे माझ्याकडे सोडा. तुम्ही त्या दिवशी सुट्टी घ्या.

घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतोय. मागच्या खेपेसारखी सगळी वाटून टाकू नका, थोडी तरी घरी न्या.

आपला,
नवी पेठेतला एक दुकानदार