मॉडेलमधली थंडी आणि पडवीतला थर्मामीटर

महोदय,

येत्या काही दशकांत कोकणातली थंडी ओसरत जाणार, ही संगणकावरच्या हवामान मॉडेलांच्या हवाल्याने आपण छापलेली बातमी वाचली. तापमान वाढतंय याबद्दल वाद नाही, आंब्याच्या कलमांत वावरणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. पण हीच मॉडेलं होऊन गेलेले हिवाळे कितपत बरोबर उभे करतात, हे बातमीत कुठेच नव्हतं.

आमचं मोहोराचं गणित रात्रीच्या गारठ्यावर. पारा 15-16 अंशांपर्यंत उतरून पंधरवडाभर तिथेच राहिला तर कलमं मोहोरतात. मध्येच मळभ धरलं की मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे आलेच. त्यांच्या चिकट स्रावाने सकाळी झाडाखालचा पाचोळा चपलेला चिकटायला लागला, की फवारणीचा खर्च वाढलाच म्हणून समजायचं.

भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले, की मागून उत्तरेचे गार वारे खाली येतात. या झंझावातांवर पार अटलांटिकचाही हात असतो. आइसलँड आणि अझोर्स बेटांकडच्या हवेच्या दाबातला फरक हिवाळ्यागणिक कमी-जास्त होतो. ही घडण मॉडेलांना बरी जमते. पण 1960 च्या दशकापासून 1990 च्या दशकापर्यंत हा फरक ज्या जोराने वाढत गेला, तेवढी वाढ बहुतेक मॉडेलांत दिसत नाही. निसर्गाचे असे दशकभर चालणारे चढउतार त्यांत मुळातच फिके पडतात.

त्यात आमचा सह्याद्री. जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं. त्याचा एक चौकोन साधारण 100 किलोमीटरचा, आणि आमची किनारपट्टी जेमतेम त्याच्या निम्मी रुंद. रत्नागिरीचा समुद्र आणि आंबा घाट एकाच चौकोनात कोंबल्यावर पहाटेचा मतलई वारा त्यात कुठून दिसणार? (बारीक चौकोनांची प्रादेशिक मॉडेलं आहेत, पण अटलांटिककडची चूक तीही मोठ्या मॉडेलकडूनच उसनी घेतात.)

हा मॉडेलवाल्यांवर राग नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं मॉडेल आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या) सहाव्या अहवालासाठीच्या जागतिक तुलनेत होतं, याचं कौतुकच आहे. शिवाय मॉडेल आपले हिवाळे आपणच घडवतं, त्यातलं 1998 साल आपलं 1998 नसतं, तेव्हा वर्षाला वर्ष ताडून पाहण्यात अर्थ नाही. तीस-चाळीस हिवाळ्यांत गारठा किती वेळा आला आणि किती दिवस टिकला, एवढं जुळतं का ते पाहायचं. आपण छापता ती मात्र अनेक मॉडेलांची सरासरी. तिच्यात कडाक्याचे आठवडेही पुसले जातात आणि उबदार गेलेले डिसेंबरही. बागायतदाराचं नफा-नुकसान नेमकं त्यांच्यातच असतं.

पुढच्या वेळी असा अंदाज छापताना त्या मॉडेलने मागचे हिवाळे कसे दाखवले होते, यावर चार ओळी जरूर द्याव्यात. वडिलांनी पडवीत टांगलेल्या थर्मामीटरचे आकडे आमच्याकडे वह्यांत आहेत. कुणा अभ्यासकाला हवे असले तर वाळवीने खाल्लेली दोन वर्षं सोडून बाकीचे देईन.

आपला,
एक आंबा बागायतदार, पावस (जि. रत्नागिरी)