शनिवार-रविवारचे शिपाई

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
रविवार सकाळ

प्रिय सुभेदार,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "पोरगं महिन्यातून दोन दिवस परेडला जातं म्हणालास, मग त्याला रशियाच्या वेशीवर कशाला धाडलं?" तेवढ्यात फोन तुटला. तुटला नसता तरी मला नीट सांगता आलं नसतं. आता धाकटा लात्वियाहून परत येऊन आठवडा झालाय. रोज जेवताना थोडं थोडं त्याच्याकडून काढून घेतलं, काही स्वतः वाचलं, आणि आज तुला लिहायला बसलो.

तू टी. ए.त, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, वीस वर्षं काढलीस, तेव्हा धाकटा ज्यात आहे ते नॅशनल गार्ड म्हणजे काय हे तुला फोडून सांगायला नको. फरक एवढाच की इथे प्रत्येक राज्याचं गार्ड वेगळं. एरवी हुकूम राज्याच्या गव्हर्नरचा, आणि गरज पडली तर राष्ट्राध्यक्ष बोलावून घेतात. महिन्यातला एक शनिवार-रविवार, वर्षातून पंधरा दिवस सराव, बाकी दिवस नोकरी किंवा कॉलेज. मे 2020 मध्ये आमच्याकडे ईडनव्हिलचं धरण फुटलं आणि मिडलंड शहरात पाणी शिरलं, तेव्हा हीच पोरं मदतीला उतरली होती. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून तुझाच विचार करत होतो. आदल्याच वर्षी तू शिरोळच्या बाजूला पुरात दोन रात्री बोटीत काढल्या होत्यास.

धाकट्यानं गार्डमध्ये जायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तीच बोट होती. लात्विया नव्हता.

आता लात्वियाचं सांगतो. सगळा देश आपल्या पुणे शहरापेक्षाही कमी वस्तीचा, एकोणीस लाखांच्या आत. ऑगस्ट 1991 मध्ये सोव्हिएत संघातून सुटला आणि लगेच, 23 ऑगस्टला, त्यांनी 'झेमेसार्झे' उभं केलं. गावोगावच्या माणसांचं राखीव दल, थेट तुमच्या टी. ए.सारखं. मॉस्कोचं सैन्य तेव्हा अजून त्यांच्याच जमिनीवर तळ ठोकून होतं. ते निघालं 31 ऑगस्ट 1994 ला. अशा वेळी अमेरिकेनं तिथे आपलं नियमित सैन्य शिकवायला पाठवलं असतं तर मॉस्को भडकलं असतं. म्हणून तोडगा निघाला की फौज नको, राज्यांच्या गार्डमधली माणसं जाऊ देत. 1993 मध्ये जोड्या लागल्या, एका देशाला एका राज्याचं गार्ड. एस्टोनियाला मेरिलँड, लिथुआनियाला पेनसिल्व्हेनिया आणि लात्वियाला आमचं मिशिगन. पोलंडला इलिनॉय मिळालं, कारण शिकागोत पोलिश माणूस पिढ्यान्‌पिढ्या आहे. मिशिगनातही लात्वियन वस्ती जुनीच. दुसऱ्या महायुद्धात घरदार सोडून आलेल्यांनी इथून दीड तासावर, थ्री रिव्हर्सजवळ तळ्याकाठी, मुलांसाठी लात्वियन भाषेचं उन्हाळी शिबिर चालवलंय. आपल्या महाराष्ट्र मंडळाची शनिवारची मराठी शाळा असते ना, त्याच पोटतिडकीनं.

आज अशा जोडीत शंभरावर देश आहेत. पण आकडा सोड. मला त्यातली जी गोष्ट पटली ती वेगळीच आहे, आणि ती तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

नियमित सैन्यातल्या अधिकाऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली होते. ओळख जुळते न जुळते तोच तो ट्रंक बांधतो. गार्डचा माणूस मात्र वीस वर्षं त्याच राज्यात, बऱ्याचदा त्याच पलटणीत. धाकट्याचा सार्जंट चौथ्यांदा लात्वियाला गेला होता. तिथल्या कुणाचं गोठ्याचं छप्पर वादळात उडालं, कुणाची मुलगी डॉक्टर झाली, हे सगळं त्याला तोंडपाठ. समोरच्या माणसाला आपलं इंग्रजी कुठे अडतं आणि त्याचं कुठे, हेसुद्धा ठाऊक. ही ओळख एकदाच मोठा सराव करून, झेंडे फडकवून, फोटो काढून येत नाही.

एक उदाहरण देतो. लात्वियाकडे लढाऊ विमानं नाहीत. वेळ आली तर त्यांच्या शिपायाला जमिनीवरून रेडिओवर दुसऱ्या देशाच्या वैमानिकाला सांगावं लागणार की बॉम्ब कुठे टाकायचा आणि आपली माणसं कुठे आहेत. एक आकडा चुकला तर आपलीच माणसं मरतात. म्हणून हे काम करणाऱ्याला कडक परीक्षा द्यावी लागते आणि ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. लात्वियन शिपाई त्यासाठी इथे ग्रेलिंगच्या जंगलातल्या तळावर येतात आणि मिशिगनच्याच सेल्फ्रिज तळावरच्या ए-10 विमानांशी बोलायचा सराव करत आलेत. पुढे अफगाणिस्तानात मिशिगन आणि लात्वियाच्या माणसांनी मिळून एक पथक केलं आणि अफगाण तुकड्यांना शिकवलं. रेडिओवर ओळखीचा आवाज आला की छातीतली धडधड कमी होते, असं तू एकदा काश्मीरहून आल्यावर म्हणाला होतास. धाकट्यालाही त्याच्या सार्जंटनं जवळजवळ हेच सांगितलं.

त्याची तिथे एकाशी दोस्ती झाली. पोरगा सुतारकाम करतो आणि सुट्टीच्या दिवशी झेमेसार्झेत. त्याच्या पणजीला 25 मार्च 1949 ला पहाटे घरातून उचललं आणि मालगाडीत घालून सैबेरियाला नेलं. त्या चार दिवसांत लात्वियातून सुमारे 42 हजार माणसं अशी नेली. पणजी परत आली, पण तिचं धाकटं मूल आलं नाही. "तू गार्डमध्ये का गेलास?" असं त्यानं आमच्या पोराला विचारलं. आमच्यानं खरं सांगितलं, कॉलेजच्या फीसाठी. मग यानं त्याला विचारलं, तर त्यानं उत्तर म्हणून पणजीचा फोटो दाखवला. हे सांगताना धाकट्याचा आवाज बदलला होता, सुभेदार. बाहेर गेलेलं पोर आणि परत आलेलं पोर एकच नाही, हे मला त्या रात्री कळलं.

मग झोप येईना. युक्रेन आठवत राहिलं. त्यांची जोडी 1993 पासून कॅलिफोर्नियाशी. 2018 मध्ये युक्रेनमधल्या सरावात विमान पडलं, त्यात कॅलिफोर्नियाचा एक वैमानिक आणि युक्रेनचा एक, दोघं एकाच विमानात गेले. युक्रेनच्या पश्चिमेकडच्या याव्होरीव्हच्या तळावर एकेका राज्याचं गार्ड पाळीपाळीनं शिकवायला असायचं. शेवटची पाळी फ्लोरिडाची. रशियाच्या हल्ल्याच्या 12 दिवस आधी त्यांना बाहेर पडायचा हुकूम आला. 13 मार्च 2022 ला त्याच तळावर क्षेपणास्त्रं पडली. ज्यांना शिकवलं ते तिथेच राहिले आणि शिकवणारे दूर जर्मनीत होते. त्या फ्लोरिडाच्या माणसांनी ती बातमी कशी वाचली असेल? लात्विया नाटोत आहे, तिथे एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा मानायचा असा करार आहे, म्हणजे असं सोडून येता येणार नाही. म्हणजे बाप म्हणून मला धीर वाटावा की भीती, हे अजून ठरत नाही.

सगळ्या देशांना हे हवंच असतं असंही नाही. नेपाळनं भूकंपानंतर आपत्तीच्या कामासाठी यात रस दाखवला होता. पण 2022 मध्ये काठमांडूत मोठा गदारोळ झाला आणि जूनमध्ये सरकारनं नको म्हणून ठरवलं. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये बसलेल्या देशाला तिसऱ्याचा गणवेश दारात नको वाटला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण त्या मुलाची पणजी ज्या देशात होऊन गेली, त्यांनी दार उघडं ठेवलं, तेही मला समजतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. पोराला तिकडे लढायला धाडलं नव्हतं. कुणाच्या तरी रेडिओवरचा ओळखीचा आवाज व्हायला धाडलं होतं. आणि एकदा तसा आवाज झाल्यावर, बोलावणं आलं तर तो 'नाही' म्हणणार नाही, हे त्याच्या आईला माझ्याआधी कळलंय. तिनं अजून तोंडातून चकार शब्द काढलेला नाही.

ऑगस्टमध्ये तो सुतार पोरगा ग्रेलिंगला येतोय. सराव संपला की दोन दिवस आमच्याकडे राहील. हिनं आत्ताच विचारलंय की वहिनींच्या हातचा कांदा-लसूण मसाला येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवता येईल का. त्याला झणझणीत तांबडा रस्सा सोसेल का, याची मला शंका आहे, पण धाकटा म्हणतो सोसेल. तिथे राय धान्याच्या काळ्या पावाबरोबर खारवलेला मासा यानं मुकाट खाल्लाय, आता फेड व्हायला हवी.

गुडघ्याचं ऑपरेशन कधीचं ठरलं ते कळव. पुढच्या वेळी फोन लँडलाइनवरून लाव.

तुझा,
बाकावरचा शेजारी