वेल्समधल्या हेन्लानच्या मावशींना, मनापासून

आदरणीय मावशी,
सा. न.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या शेतांवर राबलेल्या इटालियन युद्धकैद्यांवरचा माझा प्रबंध जमा झाला. त्यात आभाराच्या पानावर तुमच्यासाठी इंग्रजीतल्या दोनच ओळी बसल्या. त्यांनी माझं समाधान होईना, म्हणून हे पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर.

आमच्या साताऱ्याकडे पलटणीच्या गोष्टी ऐकतच मुलं वाढतात. १९४१ साली पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनला मराठे इटालियनांशी कसे लढले, हे मी लहानपणीच ऐकलं होतं. समोरून शरण आलेल्यांचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हजारो इटालियनांना जुलै १९४१ पासून ब्रिटनमध्ये शेतीच्या कामाला आणलं, हे मला इथे येऊन कळलं. कैद्यांना थेट युद्धाचं काम देऊ नये, असं १९२९चा जिनिव्हा करार सांगत होता. शेती त्यात आडवी येत नव्हती आणि इथे तर हातांचा तुटवडा होता.

असं सगळं वहीत उतरवून मी कार्डिफहून तुमच्याकडे आले. वही वाचून तुम्ही एवढंच विचारलंत, "अगं, ते जेवायचे कुठे?"

मग तुम्ही मला शेजारच्या आजोबांकडे नेलंत. ते युद्धाच्या काळात शाळकरी पोर होते. आठवणी निघाल्या की ते इंग्रजी सोडून वेल्शमध्ये शिरायचे आणि तुम्ही ते थेट मराठीत सांगायचात. सकाळी लॉरी कैद्यांना फाट्यावर उतरवायची. तपकिरी कपडे, पाठीवर आणि पायावर रंगीत गोल ठिगळ, म्हणजे पळालाच तर लांबून दिसावा. बटाटे काढायचे, चर खणायचे, गवत कापायचं. मजुरी छावणीपुरत्याच चालणाऱ्या टोकनांत. सुरुवातीला जेवण गोठ्यात, कारण सलगी नको असा हुकूम होता. एका पावसाळी दुपारी आजोबांच्या आईने कैद्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि पुढे तेच चालू राहिलं. बदल्यात ते विलोच्या फोकांच्या टोपल्या विणून द्यायचे.

मला ही गोष्ट गोड करून लिहायचा मोह झाला होता. तो तुम्ही मोडलात. आई गेल्याचं पत्र आलेला एक कैदी दुसऱ्या दिवशीही लॉरीतून उतरला होता, हे आजोबांकडून तुम्ही पुन्हा वदवून घेतलंत. तो घरी जाऊ शकत नव्हता. पाहुणचार कितीही झाला तरी ती कैदच होती, आणि माझ्या प्रबंधाचा कणा आता तोच आहे.

हेन्लानच्या छावणीतलं चर्चही तुम्हीच दाखवलंत. साधी बराक, डब्यांच्या पत्र्याचे मेणबत्तीदान, आणि मारिओ फेर्लितो या तरुण कैद्याने फळं-भाज्यांच्या रंगांत रंगवलेलं येशूचं शेवटचं भोजन. दिवसभर परक्याच्या शेतात राबून उरलेल्या वेळात त्यांनी हे उभं केलं. तिथे मला बोलताच येईना, आणि तुम्ही बोलायला लावलं नाहीत.

प्रबंधाची एक प्रत टपालाने पाठवते आहे. आजोबांना तिसरं प्रकरण तेवढं वाचून दाखवा, वेल्शमध्ये. काही चुकीचं वाटलं तर मला लगेच कळवा.

तुमची,
साताऱ्याची पोर